चाळीस मीटरच्या पट्ट्याचं इतिवृत्त

जागा: कास्त्रो, अग्निशमन ठाण्याचा वरचा मजला.
उपस्थिती: अकरा माणसं, एक कुत्रं
आणि चुलीपाशी वाळत घातलेल्या लोकरीचा वास.
लिहायचं काम माझ्याकडे आलं,
कारण माझं अक्षर लागतं, एवढंच.

सान्तियागोहून कागद आला होता.
पट्ट्याची नवी वाटणी: खालचा तुकडा मोर्सला,
मधला संगणकांच्या किलबिलीला,
वर उरेल तो बोलणाऱ्यांना.
रंग भरलेला तक्ता, कडा सरळसोट,
जणू आखणाऱ्यानं रात्री दोनला
कानाला हेडफोन लावून
कधी कुणाची वाट पाहिलीच नव्हती.
तळाशी बारीक टाइपात:
हरकती असल्यास तीस तारखेपर्यंत.
कागद आमच्या हाती पडला सत्तावीसला.

एलेउतेरिओ उठला. बोटी बांधतो.
करवतीनं दोन बोटं नेली,
तरी ठोके त्याच्याइतके स्वच्छ कुणाचे नाहीत.
म्हणाला, हे काय बटाट्याचं वावर आहे,
बांध घातला की भांडण मिटलं?
दुपारी हा पट्टा पलीकडच्या बेटापर्यंत जातो,
मध्यरात्री जपानपर्यंत.
वाटताय तो कितीच्या ठोक्याचा?

यारित्सा एकोणीस वर्षांची.
म्हणाली, तुमच्या कानांना जिथं नुसती खरखर,
तिथून माझा संगणक माणूस शोधून काढतो.
माणूस, की त्याचा पत्ता? एलेउतेरिओनं विचारलं.
(हे मी लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.)

मग कुणीतरी म्हणालं, बहुतेक नोल्बेर्तो,
आपण अकराच. वापरणारे बेटांवर.
त्यांना इथं बोलावायचं तर बोट गुरुवारी सुटते.
त्यापेक्षा पट्ट्यालाच विचारू.

शनिवार, रात्री नऊ. हजेरी मी घेतली.
कागद वाचून दाखवला, दोनदा, सावकाश.
चौतीस मतं आली.
एकजण फक्त हवामान सांगून गेला, तेही नोंदवलं.
आणि सगळ्यांच्या खाली, अगदी तळाशी,
काहीतरी खरवडत होतं.

मेलिन्काची दोमितिला.
पाच वॉट, ट्रकची जुनी बॅटरी,
झाडाला बांधलेली तार.
ती बोलू लागली की दोघेजण तिच्यावर चढत,
एक तिच्या बाजूनं, दुसराही तिच्याच बाजूनं.

मी म्हटलं, सगळे गप्प.

आणि झाले.
बावीस वर्षांत मी तो पट्टा रिकामा
पहिल्यांदा ऐकला.
कुठल्यातरी लांबच्या जंगलावर वीज पडत होती,
चट्, चट्, कागद फाटावा तशी.
त्यामागून तिचा आवाज येई, जाई.
मी कानात आलं ते तसंच उतरवलं:

"...तुकडा नको... तुकडा घेऊन मी कुठं...
तुमचा आवाज मोठा, तो कडेवरून सांडतोच...
रोज नऊ वाजता... पाव तास...
असेच राहा.
पलीकडे लाइटहाउसवर एकजण असतो,
माझ्याहून बारीक."

यारित्सानं त्या रात्रीच आपल्या संगणकाला
नऊचा गजर लावला.
एलेउतेरिओचं मत आधी वेगळं होतं, त्यानं ते बदललं नाही,
पण नऊला तो किल्लीवरून हात उचलतो,
उरलेली बोटं मांडीवर ठेवून बसतो.
नोल्बेर्तो दोनदा विसरला.
त्याला कुणी रागावलं नाही. म्हणजे, मी रागावलो.

एकोणतीसला पत्र धाडलं.
त्यांच्या तक्त्यात वेळेला रकाना नव्हता,
मी समासात लिहिलं, उभं:
रात्री नऊ ते सव्वानऊ, कुणाचाच नाही.
खाली सवयीनं त्र्याहत्तर लिहिलं,
आमच्यात निरोप घेताना लिहितात तसं,
आणि सरकारी पत्र म्हणून खोडलं.
खोडलेलं दिसतं मात्र.

उत्तर आलेलं नाही.
आता नऊला पाच कमी आहेत,
इथं थांबतो.